अकरावं पुडकं

केरिनने फ्रीझरचं झाकण डोक्याने उचलून धरलं आणि दोन्ही हात आत घातले. वर वाटाण्याच्या पिशव्या, त्यांच्याखाली बाबांनी गळासाठी ठेवलेली कोळंबी, मग मटण, आणि तळाशी आईची पुडकी. अकरावं पुडकं कडेच्या बर्फाला चिकटलं होतं. तिने ओढलं नाही. लाकडी उलथन्याने भोवतीचा बर्फ थोडा थोडा सोडवला आणि ते सुटल्यावर दोन्ही तळहातांवर घेतलं. जाड प्लास्टिकवर आईचं अक्षर होतं : ११. यांबा, कॅरव्हॅन, सगळे.

“कोळंबी परत आत टाक,” मागून बाबा म्हणाले. “गेल्या शनिवारी विसरलीस. तीन दिवस घरात बंदराचा वास होता.”

“टाकते.”

“हेच ना ते?”

“हेच.”

बाबा, मर्व्ह, दारात उभे होते. पुडक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग बाहेरच्या तारेवर बसलेल्या पक्ष्यांकडे बघत राहिले. “त्यात ती आहे,” ते म्हणाले. “पिवळ्या झग्यात, यांबाच्या किनाऱ्यावर, सुट्टीत. शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या माणसाने फोटो काढला होता, म्हणून आपण चौघंही आलो. अल्बममध्ये जाईपर्यंत किती वर्षं स्वयंपाकघरात टाचलेला होता तो. मी रोज बघायचो.”

हे त्यांनी आठवड्याभरात चौथ्यांदा सांगितलं होतं.

पूर गेल्या वर्षीचा. नदी खिडक्यांच्या वर चढली, दोन दिवस राहिली आणि उतरली तेव्हा जुन्या घरात सगळ्यावर चिखलाचा एकच रंग होता. टेकडीवरच्या या भाड्याच्या घरात आल्यावर आईने, ग्लेनिसने, पहिली वस्तू घेतली ती हा जुना फ्रीझर. पलंग नंतर आला. चिखलातून काढलेले अल्बम तिने तिच्या शनिवारच्या अल्बम-वर्गात शिकवल्याप्रमाणे मेणकागदात गुंडाळले, आकडे घातले आणि गोठवून टाकले. ओले फोटो गोठले की कुजायचे थांबतात; मग सवडीने एकेक काढून सोडवता येतात. चौदा पुडकी झाली. लग्नाचा अल्बम सर्वांत खालच्या फळीवर होता, तो हातात घेताच लगदा झाला. सवड मिळाली नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी चादरी वाळत घालताना ती खाली बसली, ती उठलीच नाही.

अंत्यविधीला तिच्या वाहन परवान्यावरचा फोटो मोठा करून लावावा लागला. “पोलीस शोधताहेत असं वाटतंय,” बाबा तेव्हा केरिनच्या कानात म्हणाले होते. “आता कोणीतरी बक्षीस किती म्हणून विचारेल.” आणि मग सगळा वेळ त्यांनी त्या फोटोकडे पाहिलंच नाही. दुसरा नव्हताच. केरिनच्या फोनमध्ये आई सतरा ठिकाणी होती आणि सतराही ठिकाणी तिने तोंडासमोर पंजा धरलेला होता. माझा नको गं.

आता दफनभूमीतल्या पितळी पाटीवर बसवायला अंडाकृती चकतीएवढा चेहरा हवा होता. पाटीवाल्याने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. दहा पुडकी उघडून झाली होती. काहींतले रंग धुऊन गेले होते, काही पानं एकमेकांत इतकी मिसळली होती की वेगळी झालीच नाहीत. जी वाचली त्यांत केरिन होती, तिचा भाऊ डॅरिल होता, कुत्रे होते, वाढदिवसांचे केक होते. आई नव्हती.

तिने पुडक्यावरचं प्लास्टिक काढून ते थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि वर फडकं घातलं. मर्व्ह न्हाणीघरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांनी दाढी केलेली होती. निळा सदरा घातला होता. शनिवारी सकाळी त्यांना कुठे जायचं नव्हतं.

“मी बाहेर बसतो,” ते म्हणाले. “झालं की हाक मार.”

दहाला आईचा तो ऑनलाइन अल्बम-वर्ग सुरू झाला. लॅपटॉप आईच्या जागी, आणि कॅमेरा आईच्याच लोखंडी दांडीला लटकवलेला, तोंड खाली, टेबलाकडे. या वर्गात सगळ्यांचे कॅमेरे असेच असतात. पडद्यावर आठ चौकटी, आठ टेबलं, सोळा हात. केरिन मे महिन्यापासून आईच्या नावाने येत होती. तिच्या चौकटीखाली अजून ‘ग्लेनिस’ असंच लिहिलेलं होतं.

“आज कोण काय करतंय?” जोसलिनने विचारलं. ती होबार्टहून शिकवायची आणि तिच्या खोलीत कायम हीटरची घरघर असायची. “ग्लेनि... केरिन. चुकले गं. ती पाटी बदलायची राहिलीय.”

“असू दे.”

“असू देच,” पर्ल म्हणाली. मकायची पर्ल ब्याऐंशी वर्षांची होती आणि तिच्या टेबलावर हातांपेक्षा मांजरच जास्त दिसायचं. “मला बरं वाटतं. अकरावं उघडतेयस ना? आम्ही आज आमचं काही चिकटवत नाही. तुझंच बघतो.”

केरिनने फडकं उचललं. मेणकागद स्वतःहून सुटला. तिने अल्बमच्या पानावरच्या पारदर्शक पिशवीची कड ब्लेडने उभी कापली आणि पान पाण्यात तरंगू दिलं. घाई करायची नाही, बोट फोटोच्या तोंडाला लावायचं नाही, पाणीच काम करतं, हे आता तिला सांगावं लागत नव्हतं. आईने पानाच्या कोपऱ्यात कागदी शिंपले चिकटवले होते. ते आधी सुटले आणि ट्रेच्या कडेला जाऊन थांबले.

मग फोटो सुटला.

आभाळ गुलाबी झालं होतं, पण माणसं होती. बाबा, काळ्याभोर केसांचे, खांद्यावर डॅरिल. पुढे नऊ वर्षांची केरिन, दोन्ही हातांत चपटा मासा, तोंड वेडंवाकडं केलेलं. तिच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. हाताच्या वर पिवळी बाही होती, कोपरापर्यंत. कोपरापाशी फोटो संपत होता.

कड एकसारखी नागमोडी होती. वर, खाली, वर, खाली.

केरिनने ट्रे थोडा फिरवला, जणू उरलेलं दुसऱ्या बाजूला असेल.

“थांब, हलवू नकोस,” पर्ल म्हणाली. “तो ग्लेनिसचा हात.”

“कशावरून?” कुणीतरी विचारलं.

“बाई गं, सात वर्षं दर शनिवारी तो हात बघितलाय मी. चेहरा कधी दाखवला तिने? करंगळी बघ, बाहेर वाकलेली. राणीने चहाला बोलावल्यासारखी.”

दोघीतिघी हसल्या. केरिनही हसली असावी; टेबलावर फक्त हात दिसत होते.

“आणि ती कात्री,” पर्ल पुढे म्हणाली. “ती नागमोडी कात्री आठवते का कुणाला? सगळ्यांनी घेतली होती. मी तर सासूबाईंना बदामाच्या आकारात कापलं. तीन पिढ्यांचे फोटो, कुणाला तारा केलं, कुणाला फुगा. आज ते तुकडे मिळाले असते तर.”

“माझीच शिकवण,” जोसलिन म्हणाली. “पानाचा विषय कोण ते ठरवा, बाकीचं कापा, असं सांगायचे मी तेव्हा. आता मूळ फोटोला हात लावू देत नाही. कळायला वेळ लागतो.”

“पण ग्लेनिसचं वेगळंच,” पर्ल म्हणाली. “आम्ही दुसऱ्यांना कापायचो. ती स्वतःला कापायची.”

मांजराने तिच्या टेबलावरून काहीतरी खाली पाडलं. तिने त्याला शिवी दिली.

“का?” केरिनने विचारलं.

“हसून सांगायची. पहिला अल्बम पुरा झाला तेव्हा घरी दाखवला म्हणे, नाताळात. तर लेक म्हणाली, ‘आई, प्रत्येक पानावर तूच कशी गं?’ झालं. बाई बसल्या कात्री घेऊन. पुढचे सगळे अल्बम तसे. राग नव्हता हं तिचा. म्हणायची, खरंच होतं पोरीचं, अल्बम मुलांचा, मी कशाला मध्ये मध्ये...”

पर्ल थांबली. हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“तुला बहीण आहे ना गं?” तिने विचारलं.

“नाही,” केरिन म्हणाली. “एक भाऊ.”

मग जोसलिन हळू आवाजात म्हणाली की फोटो फार वेळ पाण्यात ठेवू नये, सुती कापडावर काढावा, तोंड वर. केरिनने तसं केलं. तिचे हात नीट चालत होते.

तो नाताळ तिला आठवत होता. बाविसाव्या वर्षी ती शहरातून घरी आली होती. आंब्यांची पेटी, पंख्याखाली बसलेला डॅरिल, उकाडा. आईने अल्बम आणून मांडीवर ठेवण्याआधी तिला हात पुसायला लावले होते, तेही आठवत होतं. वाक्य आठवत नव्हतं. बोलून ती पुढचं पान उलटून मोकळी झाली असणार, इतकं ते हलकं होतं.

“फोटोमागे लिहायचं विसरू नकोस,” वर्ग संपताना जोसलिन म्हणाली. “वाळला की. मऊ पेन्सिलने. कोण, कुठे, कधी. आणि जे दिसत नाही तेही.”

“केरिन,” पर्ल म्हणाली, “मी म्हातारी आहे गं. तोंडाला झाकण नाही.”

“तुम्ही सांगितलंत ते बरं झालं,” केरिन म्हणाली आणि कॅमेरा बंद केला.

हाक मारायला ती उठली नाही. थोड्या वेळाने मर्व्ह स्वतःच आत आले. दारात त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग खिशातून चष्मा काढून टेबलावर वाकले.

“माझे केस बघ,” ते म्हणाले. “आणि हा मासा. याच्यापेक्षा मोठा होता. सगळ्यांना सांगत फिरलो होतो मी.”

ते उजवीकडे सरकले. हातापाशी आले. बाहीपाशी. कडेपाशी.

केरिन त्यांच्या मानेकडे बघत होती. दाढी करताना कानाखाली थोडं कापलं होतं. तिथे कागदाचा कपटा चिकटलेला होता.

“नेली,” ते म्हणाले.

तिने टिपकागद सरळ केला.

“बघ ना कशी खाल्लीय.” त्यांनी बोट कडेच्या वरून, न टेकवता, वर खाली नेलं. “पाण्याच्या लाटा उमटल्यात. एकेक लाट मोजून घ्यावी. घर घेतलंस, म्हटलं घे. हिला तरी ठेवायचं होतंस.” ते बोलत होते नदीशी, खिडकीतून ती दिसत नव्हती, तरी तोंड तिकडेच होतं. “हरामखोर.”

चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला. परत घातला. परत वाकले.

“पाण्यानेच ना गं?” त्यांनी विचारलं. “तुला वर्गात शिकवतात. पाणी असं खातं?”

“हो, बाबा,” केरिन म्हणाली. “असंच खातं.”

त्यांनी मान डोलावली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून काही वेळ उभे राहिले, मग आतल्या खोलीत फोनकडे गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, परक्या माणसाशी बोलताना चढायचा तसा.

“...नाही हो, पुरात गेला. होता, चांगला होता, नदीने नेमकी तेवढीच बाजू... हो. हो ना. पण अजून तीन पुडकी आहेत. मुलगी दर शनिवारी एक काढते. एखाद्यात असेलच, चाळीस-पन्नास वर्षांत बायको एकदा तरी... थांबाल का तीन आठवडे?”

केरिनने टेबल आवरायला घेतलं. कागदी शिंपले ट्रेमधून वेचून टिपकागदावर मांडले. मेणकागदाची घडी केली. फोटो अजून ओला होता. मागे काही लिहिता येणार नव्हतं. तरी पेन्सिल तिने हाताशी आणून ठेवली.

“केरिन!” आतून हाक आली. “तीन आठवडे देतो म्हणाला. भला माणूस.”

“बरं झालं.”

“बारावं कुठलं आहे?”

तिने फ्रीझर उघडला. वाटाणे बाजूला केले, कोळंबी बाजूला केली. आईचं अक्षर बर्फाखालून स्पष्ट दिसत होतं.

“केरिनचे वाढदिवस,” तिने वाचलं.

“मग तर असणारच,” बाबा म्हणाले. “केक कापायला मागे उभी असायची ती.”

तिने झाकण लावलं. टेबलाशी परत येऊन तिने सुती कापडाची कड उचलली, फोटोच्या उजव्या बाजूवर अलगद घातली आणि हातापर्यंत आणून थांबवली; नागमोडी कड झाकली गेली, हात तेवढा उघडा राहिला.