चित्र अडकलं, आवाज आला

सापगावची गोजाबाई सोमवारी सकाळी शहापुरात रेश्माच्या सायबर कॅफेत येऊन बसली ती दुकान बंद होईपर्यंत हलली नाही. मंगळवारी शटर उघडायच्या आधीच ती पायरीवर हजर होती.

तिची मुलगी संघरत्ना नर्स होती. दीड वर्षापूर्वी ती मालदीवला नोकरीला गेली होती, एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यात. परदेशी साधा फोन लावायचा म्हणजे बिलापायी मिनिटामिनिटाला जीव वर-खाली व्हायचा, म्हणून जाण्याआधी संघरत्नानं आईला रेश्माकडे आणून सगळं दाखवून ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी अकराला दोघी नेटवरून बोलत. गोजाबाईला ते फारसं आवडायचं नाही. स्वतःचाच आवाज तिला परत ऐकू यायचा, मधेच शब्द गळायचे.

"असा का होतो गो?" तिनं एकदा विचारलं होतं.

रेश्मा म्हणाली होती, "काकी, म्हशाच्या जत्रेला एका घरची माणसं कशी जातात? कुणी किन्हवलीवरनं, कुणी मुरबाडवरनं, आणि बैलबाजारात सगळी गोळा होतात. तुमचा आवाज तसाच जातो. कॉम्प्युटर त्याचे बारीक तुकडे करतो, एकेकावर नंबर टाकतो आणि मिळेल त्या वाटेनं सोडतो. तिकडचा कॉम्प्युटर नंबर बघून ते जुळवतो. एखादा तुकडा वाटेत राहिला की तेवढा शब्द गेला."

"मंजे मी अख्खी बोलते न् ती मला तुकड्यांनी ऐकते," गोजाबाई म्हणाली होती, आणि तरी दर रविवारी येत राहिली होती.

दोन हजार चार सालच्या सव्वीस डिसेंबरला, रविवारी, संघरत्ना नेटवर आलीच नाही. दुपारी टीव्हीवर बातमी आली. समुद्र उठला होता, गावंच्या गावं धुऊन नेली होती, आणि ज्या देशांची नावं घेत होते त्यात मालदीव होतं. संघरत्नाचा नवरा बुद्धभूषण सुरतेला कामाला होता, तो तिकडून फोन लावत राहिला. बेटावरचा नंबर लागेना. तिचा बाप बारकू सोमवारपासून तहसील कचेरीच्या खेपा घालत होता. तिथल्या लोकांना मालदीव कुठं आहे हेही आधी सांगावं लागत होतं.

गोजाबाई मात्र पडद्यासमोरून उठली नाही. संघरत्नाच्या नावापुढे एक करडा ठिपका होता. "हा पिवळा झाला की ताई आली समजा," रेश्मानं सांगितलं होतं. गोजाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तो ठिपका कुठं आहे हे पाठ झालं होतं.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला ठिपका पिवळा झाला.

 गोजाबाईनं रेश्माला हात धरून ओढलं. रेश्मानं तिच्या कानावर हेडफोन चढवला. लगेच पडद्यावरच्या चौकटीत तिकडच्या कॅमेऱ्याचं चित्र उमटू लागलं, वरून खाली, पट्टी-पट्टीनं. आधी केस. मग कपाळ. मग डोळे, मिटलेले. मग अर्धवट उघडं तोंड. आणि तिथंच ते थांबलं. कानात नुसती खरखर.

"अगो माजी पोर!" गोजाबाई किंचाळली. "निपचित पडलीय! उठवा कुनी तरी तिला!"

"काकी, चित्र अडकलंय! ताईंना काही झालेलं नाही," रेश्मा म्हणाली. तिनं झटकन ती चौकट बंद केली.

"घालवलीस का गो! तोंड तरी दिसत होता!"

"चित्र लय जड असतं काकी. आपली टेलिफोनची लाइन बारीक. चित्रानं सगळी वाट अडवली, आवाजाला जागाच राहिली नाही."

मग ती वळली आणि बाकीच्या दोन कॉम्प्युटरवरच्या गिऱ्हाइकांना म्हणाली, "दादा, पाच मिनिटं नेट सोडा. यांची मुलगी लाटेत होती." दोघंही काही न विचारता उठले आणि खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले.

खरखर कमी झाली.

"...भीम आई. आई, ऐकू येतंय का? मी बरी आहे."

गोजाबाईनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. "रत्ना! कुठं हायेस? लागला का तुला? जेवलीस का?" तिकडूनही त्याच वेळी संघरत्ना बोलत होती, दोघींचे शब्द एकमेकांवर आदळून विरून गेले.

"एक वाक्य बोला आणि थांबा," रेश्मा म्हणाली. "आवाज पोचायला वेळ लागतो."

गोजाबाई उभ्या जन्मात बोलताना थांबली नव्हती. आता तिनं विचारलं, "लागलाय का तुला?" आणि श्वास धरून बसली.

"पायाला पत्रा लागला. चार टाके पडलेत. बाकी काही नाही."

"खोटा नको बोलू."

थोडा वेळ गेला. मग पलीकडून हसू आलं, तुटक, पण तिचंच. "खरंच सांगते आई. पाणी छातीपर्यंत आलं. आम्ही पेशंटना घेऊन दवाखान्याच्या छपरावर चढलो. सगळे वाचले. काल बोटीनं माले शहरात आणलं. फोन लागतच नाहीत. इथल्या ऑफिसात एका कॉम्प्युटरवर नेट चालू आहे, तिथून बोलतेय."

गोजाबाईचे डोळे वाहू लागले. पदर लावायचंही तिला सुचलं नाही. "घरी ये आता."

या वेळी वाट बघणं लांबलं. लाइन तुटली की काय म्हणून तिनं रेश्माकडे पाहिलं.

"आई, इथे माणसं फार आहेत गं, नर्स थोड्या. पंधरा दिवस थांबते."

 मागं उभी असलेली दोन्ही गिऱ्हाइकं गोजाबाईकडे बघत होती. मग ती म्हणाली, "थांब. पन पाय जप. आनि रोज बोल, चित्र नको लावू."

"बोलेन. आता उठते आई, मागे रांग आहे. त्यांच्या आयाही वाट बघत असतील."

"ऊठ, ऊठ मग," गोजाबाई घाईनं म्हणाली, जणू ती रांग तिला दिसत होती.

ठिपका करडा झाला.  खुर्चीमागच्या एकानं तिला पाण्याचा ग्लास दिला.

दुकानात फोनची लाइन एकच. नेट चालू असलं की फोन एंगेज. बारकू तासभर कचेरीजवळच्या बूथवरून दुकानाचा नंबर लावून कंटाळला होता आणि दुकानाकडे चालत निघाला होता. हातात बेपत्ता माणसाचा फॉर्म होता, त्यावर लेकीचं नाव लिहवत नव्हतं म्हणून कोराच. दारात बायको उभी दिसली तेव्हा तिचा रडलेला चेहरा बघून तो रस्त्यातच थांबला.

"बोलली," गोजाबाई म्हणाली. "चार टाके पडलेत. हसली पन."

बारकू पायरीवर बसला. फॉर्मची घडी घातली, पुन्हा उलगडली, काय करावं त्याला कळेना.

"बुद्धभूषणला कळवायला हवा," तो शेवटी म्हणाला.

"मी लावते आत्ताच," रेश्मानं आतून सांगितलं. तिनं नेटची वायर काढून फोन जोडला.

"आनि तुमी काय खाल्लाय का सकाळपासनं?" गोजाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"नाय."

"मी पन नाय."

समोरच्या गाडीवर वडे तळत होते. दोघं रस्ता ओलांडून तिकडे गेली आणि उभ्यानंच गरम गरम खाऊ लागली.