शेपटीच्या टोकाची बस

मी एक जुनी बस आहे. माझी चाकं केव्हाच काढून नेलीत, सीटांतला काथ्या बाहेर आलाय आणि मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात. पण मित्रांनो, एके काळी मीही दिमाखात धावत होते.

लोहाराने माझा सांगाडा ठोकला, सुताराने बाकं बसवली, रंगाऱ्याने निळा रंग चढवला. आमच्या गावातून नदीकाठच्या बाजारपेठेत तासाभरात पोचायचं, हे माझं काम. भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं, माहेरवाशिणी, सगळ्यांची ने-आण मीच करायची. माझ्या ड्रायव्हरची थोरली बहीणही त्याच पेठेत दिली होती.

मग मोठ्या माणसांनी दूर कुठेतरी टेबलावर नकाशा पसरला आणि रेघ मारली. पेठ शेजारच्या देशात गेली. आमचा देश लांबुडका झाला आणि आमचं गाव त्याच्या शेपटीच्या टोकाला लोंबकळत राहिलं. दवाखाना, कचेरी, कोर्ट, सारं डोंगराला वळसा घालून दिवसभराच्या वाटेवर. शेपटीत मतं थोडी, त्यामुळे आमचे खड्डे कुणी बुजवले नाहीत. निवडणूक आली की मात्र पुढारी विचारायचे, "शेजाऱ्यांना इतके चिकटून राहता, तुम्ही नक्की कुणाचे?"

ड्रायव्हर म्हणायचा, "डोकं दुखलं की शेपटीला जाग येते. शेपटी दारात चेपली तरी डोकं आपलं घोरतंय!"

एके वर्षी त्याच्या आईने अंथरूण धरलं. लेकीला पाहिल्याशिवाय तिला अन्न गोड लागेना. लेकीला इकडे येऊ द्या, म्हणून राजधानीला अर्ज केला; तो गेला तो गेलाच. शेवटी ड्रायव्हरने पलीकडे निरोप धाडला, आईला उचलून माझ्या बाकावर निजवलं आणि मला सीमेच्या फाटकापाशी आणलं.

"गाडी पलीकडे जाणार नाही," पहारेकरी म्हणाला.

"नाही नेत. नुसती आडवी लावतो."

पहारेकऱ्याने आत डोकावून म्हातारीकडे पाहिलं. "चाकं अलीकडे ठेवा. खिडकीबद्दल मला काही हुकूम नाही," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

इंच इंच सरकत मी फाटकाला खेटले. पलीकडे ताई केव्हाची ताटकळत होती. तिने दगडावर चढून खिडकीतून हात आत घातले. आईने ते चाचपले.

"बांगड्या सैल झाल्यात गं. जेवत नाहीस का?"

"जेवते गं आई. तू बोल."

आईने डोकं खिडकीशी टेकवलं. ताईने तिचे केस विंचरले, सावकाश वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

त्याच आठवड्यात आई गेली. ताईला येता आलं नाही.

पुढे नव्या गाड्या आल्या, त्या डोंगराकडूनच जातात. मला फाटकाजवळ सोडून दिलं. ड्रायव्हर आता म्हातारा झालाय. अधूनमधून माझ्या पायरीवर बसतो आणि पेठेच्या दिशेने बघत राहतो. मीही बघते. अजून वाटतं, कुणीतरी चाकं बसवावीत, तासाभराचं तर काम!

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवलं नाही तरी चालेल. पण नकाशात रंग भरताना रेघेच्या दोन्ही बाजूंना कोण राहतं, ते एकदा विचारा. आणि जमेल तितके रस्ते वाहते ठेवा. न चालल्या वाटेवर आधी गवत उगवतं. मग पलीकडे आपलं कोण होतं, तेही माणसं विसरतात.