तीस मिलिमीटर

सरांनी लाल पेन उघडलं आणि समोरच्या मुलीच्या फायलीतल्या एका आकड्याभोवती गोल काढला. पंच्याण्णव.

"हे काय?"

"इफेक्टिव्ह डेप्थ, सर. तळापासून सळईपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये."

"ते मलाही दिसतंय. पंच्याण्णव कशी? एकशे पंचवीस यायला हवी."

सकाळपासूनची ही एकेचाळिसावी तोंडी परीक्षा. प्रत्येकाच्या फायलीत तीच भिंतीतून बाहेर आलेली काँक्रीटची बाल्कनी आणि सरांचा प्रश्नही तोच, मुख्य सळई वर की खाली? चाळीस जणांनी "वर, सर" म्हटलं होतं. बाल्कनी पुढच्या टोकाला झुकू पाहते, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर. एवढं पाठ म्हटलं की पोरं मोकळी, सरही मोकळे. बावीस वर्षं हेच दळण चाललं होतं. हल्ली तर उत्तर यायच्या आधीच त्यांची मान हलायची.

शेजारी बसलेले बाहेरचे परीक्षक थर्मासचं झाकण फिरवत होते. त्यांना साडेचारची बस गाठायची होती.

"एकशे पंचवीस पुस्तकात, सर," मुलगी म्हणाली. "साइटवर सळई तिथे राहत नाही. काँक्रीट ओतणारे घमेली घेऊन तिच्यावरूनच चालतात. तीसेक मिलिमीटर खाली बसते. म्हणून मी ती खालीच आहे असं धरलं, आणि सळया वाढवल्या."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?" परीक्षकांनी विचारलं.

"पुस्तकात नाही. बाबांनी सांगितलं. ते सळई बांधतात."

"वा! म्हणजे आता बांधकामाचा सरकारी कोड सोडून तीर्थरूपांचा कोड." परीक्षक हसले. "अगं, सळईखाली टेकू द्यायचे असतात. शिकवलं नाही का?"

"शिकवलंय, सर. नकाशात असतात ते." मग तिलाच ते उद्धट वाटलं असावं. आवाज उतरवून ती म्हणाली, "बाबा म्हणतात, साहेब सळई बघून जातात, मग पाय येतात."

परीक्षकांनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि तिच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने आठ लिहिलं. पंचवीसपैकी आठ. पासाला दहा लागत. मागच्या वर्षी ती याच विषयात राहिली होती. आता राहिली की वर्ष गेलं. तिने तो आठ उलटा वाचला आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"करा सही," परीक्षक म्हणाले. "पुढचा बोलवू."

सरांनी पेन टेकवलं. तेवढ्यात, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "बांधून झालेल्या घरात कसं ओळखायचं? सळई बसलीय म्हणून?"

"वरून तडा जातो, सर. भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालून काही कळत नाही, खालचा गिलावा शेवटपर्यंत नव्यासारखा असतो. आणि बुजवला तरी तडा पुन्हा तिथेच येतो."

सरांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

सरांच्या स्वतःच्या घराची बाल्कनी ओतली त्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला होता. सर याच खोलीत, याच टेबलाशी तोंडी परीक्षा घेत होते. "ओता," म्हणाले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी सळई स्वतः मोजून पाहिली होती. वरच होती. पुढे उंबऱ्याला लागून एक रेघ उठली, ती त्यांनी फरशीचा सांधा समजून पांढऱ्या सिमेंटने भरली. यंदा तिसऱ्यांदा.

"आलोच," म्हणून ते व्हरांड्यात गेले आणि घरी फोन लावला.

"आई कुठे आहे?"

"कुठे असणार? बाल्कनीत, ऊन खात," बायको म्हणाली. "शेजारच्या काकूही आल्यात."

"दोघींना आत घे."

"अहो, आत्ता कुठे गप्पा रंगल्यात."

"आत घे. दाराला कुलूप लाव. मी फोन धरून थांबतो."

पलीकडे खुर्च्यांचे पाय घासले. मग आईचा आवाज, "एवढा शिकलेला मुलगा, आणि स्वतःच्या बाल्कनीत बसू देत नाही मेला!" काकू हसल्या. बऱ्याच वेळाने कडी वाजली. सरांनी भिंतीला पाठ टेकली.

ते परतले तेव्हा मुलगी तशीच उभी होती. त्यांनी आठ खोडला, लाल पेनाने बावीस लिहिलं आणि बाजूला सही केली.

"एवढे?" परीक्षक म्हणाले.

"कमीच आहेत."

मग ते मुलीकडे वळले. "रविवारी बाबांना माझ्याकडे यायला जमेल का, विचारशील? एक बाल्कनी दाखवायची आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मान हलवली, फाईल उचलली आणि गेली.

बेचाळिसावा मुलगा आत आला, बसायच्या आधीच म्हणाला, "वर, सर."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सरांची मान मात्र हलली नाही.

"बरं," ते म्हणाले. "आणि ओतताना तू कुठे असशील?"

मुलगा फाईल उघडून उत्तर शोधू लागला.