चित्रपट चालू असताना चावू नये

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून चित्रपट पाहायचा, ही प्रथा घरात सुनेने सुरू केली; त्या प्रथेला नियम मात्र तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे फोरमननी, लावून दिले. तंत्रविद्यालयात शिकून कारखान्यात पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसशॉपमध्ये अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाला नियमावाचून चैन पडत नाही. पाकिटे चित्रपट सुरू होण्याआधी फोडून खाऊ वाट्यांत काढावा. संवाद चालू असताना तोंडात घातलेली वस्तू तोंडातच धरून ठेवावी. चावायचे ते गाण्यात किंवा मारामारीत. रडण्याच्या प्रसंगी वाटीत हात घालू नये. सरबताची बाटली फस्सकन उघडणाऱ्याने पुढच्या खेपेस साधे पाणी प्यावे.

“चित्रपटगृहात शेजारी वेफर्स खाणारा येऊन बसला, की आपण त्याला मनातल्या मनात शिव्या देतो,” ते म्हणत. “मग घरच्या माणसांचा तेवढा तरी मान राखायला नको?”

घरच्या माणसांत तिघी होत्या: पत्नी, सून आणि कॉलेजात जाणारी नात. मुलगा कामानिमित्त बहुतेक फिरतीवर असे. नातीला सगळे मिरची म्हणत, आणि ते नाव तिने स्वकष्टाने मिळवले होते.

फोरमन मधल्या खुर्चीत बसत. मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात वेफर्स आणि खारे शेंगदाणे. प्रेसच्या धडधडाटाने त्यांचे कान निकामी होत आले होते, म्हणून पडद्याच्या तळाशी संवादांची अक्षरे कायम चालू असत. आपल्यासाठी सून एवढे आठवणीने करते, याचे त्यांना मनातून कौतुक होते. ते बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

अखेर मुलाने हट्टच धरला आणि त्यांच्या कानाला यंत्र लागले. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते मोठ्या उत्साहाने खुर्चीत बसले. चित्रपटात नायिकेची आई शेवटचे काहीतरी सांगत होती, आणि नेमक्या त्याच वेळी गिरणीत खडी घातल्यासारखा आवाज सुरू झाला.

“कोण ते?” फोरमन गरजले. “रडण्याच्या प्रसंगात?”

तिघींनी चमकून पाहिले. कोणाच्याच हातात काही नव्हते. मिरचीने तर जबडा पसरून दाखवला. “घ्या आजोबा, करा तपासणी. वाटल्यास दाढाही मोजा.”

फोरमननी चित्रपट थांबवायला लावला. यंत्रात खडखड होऊ लागली की एकेक भाग बंद करीत जायचे आणि खडखड कशाबरोबर थांबते ते पाहायचे, हे त्यांनी किती शिकाऊ कामगारांच्या डोक्यात घातले होते! त्यांनी पंखा बंद करवला. मग फ्रिज. मग खिडकीचे दार घट्ट लावून घेतले. खडी दळली जातच होती, कारण विचार करताना त्यांचा हात सवयीने डब्यात जात होता.

“आता बंद करायचं राहिलं काय?” ते पुटपुटले आणि विचारात पडून चावायचे थांबले. आवाज थांबला.

खोलीत कोणी हलेना. फोरमननी एक वेफर उचलला, निरखला आणि दाताखाली धरून मोडला. मग कानातले यंत्र काढून दुसरा मोडला. मग यंत्र लावून तिसरा.

“यंत्रात दोष आहे,” त्यांनी निकाल दिला.

“तर काय!” पत्नी म्हणाली. “दुसरं असणार तरी काय?”

यंत्र बसवून देणाऱ्या बाईंकडे ते दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन गेले. बाईंनी यंत्र तपासून परत दिले. “आजोबा, स्वतःचं चावणं स्वतःला मोठंच ऐकू येतं. यंत्र नवं आहे, सवय होईल. समोरच्याला एवढं काही ऐकू जात नाही.”

हे ऐकून फोरमनचा जीव भांड्यात पडला. परंतु स्वतः न तपासता, दुसऱ्याच्या शब्दावर जॉब पास करण्याची त्यांना सवय नव्हती. घरी येताच त्यांनी मिरचीला तिच्या नेहमीच्या जागी मोबाइल ठेवून आवाज टिपायला सांगितले, चित्रपट लावला, डबा घेतला आणि प्रामाणिकपणे खाल्ले. मग सगळ्यांसमोर तो टिपलेला आवाज ऐकला. नायक कळवळून म्हणत होता, “मला एवढंच सांगायचंय की...” आणि त्यापुढे कुर्रम, खर्र, डब्याचा खडखडाट, पुन्हा कुर्रम. नायकाला काय सांगायचे होते ते नायकालाच ठाऊक.

“हे कधीपासून चालू आहे?” फोरमननी हळू आवाजात विचारले.

“लग्नाच्या पंगतीपासून,” पत्नी म्हणाली. “बायकांच्या पंगतीतून माझी मावशी बघायला आली, काय मोडलं म्हणून. मी म्हटलं, पदरी पडलं आणि पवित्र झालं.”

“मग ती खालची अक्षरं?”

“तुमच्यासाठीच हो, बाबा,” सून घाईने म्हणाली.

“आणि आमच्यासाठीही,” मिरची म्हणाली. “तुम्ही डबा उघडलात की आम्ही वाचायला लागतो. माझा वाचनाचा वेग कसला वाढलाय, आजोबा!”

“लोका सांगे ब्रह्मज्ञान...” पत्नीने सुरुवात केली, पण सुनेचा चेहरा पाहून म्हणीचा उरलेला भाग गिळला.

“नियम मी केले, आणि ते मोडतोही मीच,” फोरमन म्हणाले. “एकीला तरी तोंडावर सांगता आलं नाही?”

सुनेने मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “बाबा, ऐकू येईनासं झालं तेव्हा तुम्ही खोलीबाहेर येणंच सोडलं होतंत. ताटसुद्धा आत मागवायचात. माणसांत बसलं की न कळता नुसतं हसावं लागतं, म्हणायचात. म्हणून तर मी हा शनिवारचा घाट घातला. पहिल्या दिवशी तुम्ही दारातूनच परत फिरत होतात. मी डबा हातात दिला, म्हणून खाण्यापुरते टेकलात. तोच आवाज खुपतो म्हटलं असतं, तर तुम्ही पुन्हा उठून आत गेला असतात. नायकाचं काय, तो आज नाही तर उद्या ऐकू येईल.”

त्या आठवड्यात फोरमननी पेजेसारखे मऊ जेवण मागितले आणि तेही मान खाली घालून संपवले. पुढच्या शनिवारी डोके दुखते असे सांगून ते खोलीतच राहिले. त्यात राग नव्हता. आपल्यापायी या तिघींनी इतके चित्रपट वाचून काढले. एक तरी त्यांना सुखाने ऐकू द्यावा, एवढाच हिशेब होता. कानात यंत्र ठेवून ते चित्रपट सुरू होण्याची वाट पाहत पलंगावर बसले.

चित्रपट सुरू झाला नाही. आधी पाकीट टरकावल्याचा आवाज आला. मग बाटली फस्सकन उघडली. मग एक, मागोमाग दुसरी, आणि नंतर तिघी मिळून असे काही कराकरा चावू लागल्या, की बाहेर गुरे सोडली आहेत की काय असे वाटावे. फोरमननी थोडा वेळ सोसले. मग दार उघडून ते बाहेर आले.

“हा काय प्रकार आहे? एकही नियम शिल्लक ठेवला नाहीत!”

“चित्रपट सुरूच कुठे झालाय?” मिरची भरल्या तोंडाने म्हणाली. “नियमवाले आले की लावणार होतो.”

“किती वेळ लावलात हो!” पत्नी गाल चोळीत म्हणाली. “माझी कवळी आता हातात यायची. बसा मुकाट्याने.”

फोरमन बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि म्हणाले, “एक तोड आहे. मध्यंतर करू. तेव्हा सगळ्यांनी मिळून काय ती खडी दळावी. एरवी माझे हात रिकामे.”

“मंजूर,” सून म्हणाली.

“थांब, अजून आहे.” त्यांनी घसा साफ केला. “कारखान्यात चांगलं काम करणाऱ्याला मी कधी शाबासकी दिली नाही. त्याचा पगार मिळतो त्याला, असं म्हणायचो. पण तू मला त्या खोलीतून बाहेर काढलंस, आणि मी बाहेर राहावं म्हणून एवढं सोसलंस. हे कोणाच्याच कामात धरलेलं नव्हतं. पोरी, फार उपकार झाले तुझे.”

सुनेने रिमोट उगाचच या हातातून त्या हातात घेतला. “उपकार कसले, बाबा,” ती म्हणाली. “घरातलं माणूस घरात बसलं, एवढंच.”

वाक्य साधेच होते. पण म्हणताना तिचा आवाज मध्येच कापला, आणि तो कापलेला फोरमनना स्वच्छ ऐकू आला. ते खुर्चीत बसले आणि चित्रपट लावायला त्यांनी मानेनेच खूण केली.