मांडवापुरती जागा

मी घर बघायला गेले की आधी घर बघत नाय, घराच्या पुढं बघते. आत दोन खोल्या असोत का तीन, फरशी काळी असो का पांढरी, मला काय त्याचं? मी दारात उभी राहते, घराकडं पाठ करते आणि मनातल्या मनात मांडव घालते. हळदीचा पाट कुठं, वाजंत्री कुठं, पाव्हणे कुठं, आणि मी कुठं. हे सगळं बसलं, तर मग आत जाऊन नळ सोडून बघते.

तर मी धवलारी. लग्नाच्या मांडवात बसून देवांची नि नवरा-नवरीची गाणी म्हणणारी बाई. त्या गाण्यांना आमच्यात धवले म्हणतात. माझ्या गोजर आत्यानं मला शिकवलं, माहेरी डोळखांबला, मी परकरात असताना. तिकडच्या पाड्यांवर गायले, शहापुरात गायले, मुरबाडात गायले, लग्न होऊन कल्याणला गेले तरी लोक गाडी पाठवून बोलवायचे. मांडवात माझं तोंड सुटलं की मोठमोठे पाव्हणे गप बसतात. सरिता धवलारी आली म्हटल्यावर काय चुकायची सोय नाय, असं लोकच म्हणतात.

एवढ्या पोरी मी हळदीला बसवल्या, पण स्वतःच्या पोरीचा मांडव घालायला मला दार नव्हतं. आमची कंपनीची खोली, दुसरा माळा, पुढं जिना. गावचं घर दिराचं. तिथं आमच्या वाटणीला पडवी येते, ती पण दिराचं तोंड बघून.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. आमचे हे, म्हणजे शेखर, कंपनीच्या कँटीनमधनं रिटायर झाले, म्हणजे खोली सोडणं आलं. आणि आमच्या अक्षदाचं जमलं. मुलगा मुरबाडकडच्या वैशाखरे गावचा, रितेश नाव, हसरा पोरगा. लग्न वैशाखात धरलं.

"आई, हॉल घेऊ," अक्षदा म्हणाली.

"हॉल तुझ्या बापाचा हाय?" मी म्हटलं. "मांडव दारात पडतो. स्वतःच्या दारात."

ती हळूच म्हणाली, "मलापण तेच पाहिजे गो. तू जिवाला लावून घेशील म्हणून बोलले नाय." झालं. त्या दिवसापास्नं माझा पाय जमिनीवर ठरेना.

कल्याणात घर घ्यायची आमची ऐपत नाय, त्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. आपल्या मुलखात परत जायचं, आपल्या नावाचं दार उघडायचं, ह्या विचारानंच मी हरखून गेले होते. भांडी घासता घासता गात होते. शेजारीण म्हणाली, अक्षदाचं लगीन की तुमचं?

आता प्रश्न एवढाच की शहापूर का मुरबाड. परवडणारी दोन्ही. ह्यांचं म्हणणं शहापूर. आसनगाव स्टेशन जवळ, पास काढायचा, फास्ट लोकल मिळाली की टाइम लागत नाय.

"रिटायर माणसाला फास्ट कशाला?" मी विचारलं.

"कँटीनची पोरं भेटायला."

"ती पोरं तुमच्या हातचं जेवून जेवून कंटाळलेली हायत. त्यांना जरा सोडा आता."

तरी पहिला मान नवऱ्याचा, म्हणून आधी शहापूर बघितलं. आदेश नावाचा एजंट होता, पोट सुटलेला, बोलायला साखर. त्यानं आमाला तिसऱ्या माळ्यावर नेलं. हवा चांगली, लिफ्ट चालू, खिडकीतनं डोंगर दिसतो. हे खूश. मी विचारलं, "मांडव कुठं घालायचा?"

"ताई, खाली पार्किंग आहे ना."

"आणि उंबर कुठं रोवायचा? गाडीच्या बॉनेटात?"

मांडवात उंबराची फांदी लागते, ती मातीतच रोवावी लागते. आदेशला हे ठाऊक होतं, त्याच तालुक्यातला माणूस. डोकं खाजवून त्यानं दुसऱ्या दिवशी तळमजल्याचं घर दाखवलं. त्याच्या पुढं सगळी फरशी आणि सोसायटीची पाटी, खड्डा खणू नये. मी पाटी वाचली नि रिक्षात जाऊन बसले. ह्यांनी सगळ्या रस्त्यानं तोंड फुगवलं. मी त्यांना बोरं घेऊन दिली, तेव्हा कुठं फुगा उतरला.

मग आदेशनं मुरबाडला नेलं. बाजाराच्या मागं एक गल्ली आहे, त्या गल्लीच्या शेवटी दोन खोल्यांचं घर. मालक नाशिकला असतो. वर स्लॅब, पुढं छोटी ओटी, दोन पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या पुढं अंगण. काय सांगू तुमाला. शेणानं सारवलेलं, एक काडी पडलेली नाय, कडेला जास्वंद, वर मोकळं आभाळ. मी घराकडं पाठ केली नि मांडव घातला, तर सगळं बसलं. पाट बसला, वाजंत्री बसली, वैशाखऱ्याचे सगळे व्याही जेवायला बसले, तरी जागा उरली.

"ताई, बाहेरचं हे जे आहे ना—" आदेश म्हणायला लागला.

"मध्ये बोलू नका," मी म्हटलं. "मांडव पडतोय."

तो हसला नि गप्प झाला. ह्यांनी आत जाऊन खिडक्या हलवून बघितल्या, मोटार चालू करून बघितली. बाहेर येऊन म्हणाले, "घर बरं आहे. पण स्टेशन नाय." मी नुसतं अंगणाकडं बोट दाखवलं. माझं तोंड बघून त्यांनी विचारायचं सोडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना तेवढं कळतं.

टोकन द्यायच्या दिवशी मी पहाटेच उठले. नवं लुगडं नेसले, नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं. एसटीतनं उतरल्यावर नदीकडच्या उंबराची एक डहाळी मोडून घेतली. हे म्हणाले, लग्नाला अवकाश आहे, आत्ता कशाला? मी म्हटलं, जागा धरायला. खरं सांगायचं तर मला दम निघत नव्हता. लहान पोराला नवा सदरा घालायचा असतो ना, तसं झालं होतं माझं.

आदेश यायच्या आधीच मी अंगणात खड्डा केला, डहाळी रोवली, हळदकुंकू वाहिलं आणि अक्षदाचं नाव घेऊन नारळ फोडला. हे ओटीवर बसून बघत होते. मला एवढं समाधान झालं की खोबऱ्याचा तुकडा पहिला त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात शेजारच्या घरातनं एक म्हातारी सुपात वाल घेऊन बाहेर आली. डहाळी बघितली आणि सूप खाली ठेवलं.

"ह्यो उंबर कोनी लावला?"

"मी लावला, मावशी. आमी हे घर घेतोय. आमचंच अंगण."

"तुमचं?" म्हातारीनं मला खालवर बघितलं. "तुमचं ती पायरी हाय. पायरीच्या खाली पाय ठेवला का माजी जमीन. माज्या सासऱ्याच्या नावावर व्हती, आता माज्या नावावर हाय. धोंडूबाई नाव माजं. जाऊन विचार कोनाला पन."

आदेश तेवढ्यात आला. कागद हातात, चेहरा पडलेला. "ताई, मी त्या दिवशी हेच सांगत होतो. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नका."

मी म्हटलं होतं. आमच्या डोळखांबच्या पाड्यावर अंगणाला कुंपण नाय, हद्द नाय. हिच्या दारातली पोरं तिच्या दारात जेवतात. अंगण कुणाचं, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाय. ओटीवर हे उभे होते, त्यांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा तसाच.

"राहू दे," हे हळू आवाजात म्हणाले. "शहापूरचं बघू परत."

मला रडू आलं. आलं म्हणजे आलंच. पण दुसऱ्याच्या जमिनीत आपला उंबर कसा ठेवायचा? मी वाकले आणि डहाळी उपटायला हात घातला.

"हात लावू नको," धोंडूबाई कडाडली.

मी थबकले.

"नारळ फोडलास ना?"

"फोडला."

"पोरीचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मग? लखमाच्या पोरीच्या मांडवात तूच ना ती, माज्यावर वरडलीस? माजा नुसता पाय लागला उंबराला, तर अख्ख्या मांडवात म्हनालीस, नाव घेऊन लावलेला उंबर लगीन व्हईस्तोवर हलवायचा नाय. मी तुला आवाजावरनंच वळखली. आनि आता सोता उपटतेस?"

मला आठवेना. पण शब्द माझेच होते, गोजर आत्यानं घालून दिलेले. प्रत्येक मांडवात मी ते म्हटलेत, आणि लोकांना गप बसवलंय. आता मला कुणी गप बसवायचं राहिलं होतं, ते पण झालं. ओटीवर आमचे हे तोंड फिरवून हसत होते, मला त्यांच्या पाठीवरनं कळलं.

"मग मावशी, करायचं काय?" मी विचारलं. "उपटायचा नाय, आणि जमीन तुमची."

धोंडूबाई पायरीवर बसली. आमच्या पायरीवर, म्हणजे अजून आमची न झालेल्या. 

"एकच पोरगा मला, रघू," ती म्हणाली. "त्याचं लगीन कल्यानला हॉलात केलं. खुर्चीवर बसून जेवलो नि घरी आलो. मी सून म्हनून आल्यापास्नं ह्ये अंगन सारवतेय, पन हितं मांडव काय पडला नाय. रघू म्हनतो, आये, कशाला रोज सारवतेस, सिमेंट टाकतो, टेम्पो लावतो. मी म्हनते, थांब जरा. कशासाठी थांब, ते मलाच म्हाईत नव्हतं."

तिनं आमच्या दाराकडं बोट केलं.

"मांडवाचं तोंड तुज्या दाराकडं करू," ती म्हणाली. "नवरी तुज्या घरातनं बाह्येर पडंल. मग सांग, मांडव कोनाच्या दारात?"

मी मान हलवली, माझ्या दारात म्हणून.

"पन सारवनार मी. त्यात कोनी हात घालायचा नाय. आनि रघूला मी बघते." तिनं सूप मांडीवर ओढलं. "आता गा की. एवढं रान उठवलंस, एक धवला तरी म्हन."

आणि तुमाला खोटं वाटेल, मला येईना. सगळा मुलूख गाऊन झाला, स्वतःच्या पोरीच्या वेळेला अडले. धोंडूबाईनं वाट बघितली, मग वाल निवडता निवडता तिनंच सुरू केलं. आवाज फाटका, चाल भलतीकडं. आणि सुरुवातीलाच तिनं नवरी आणून बसवली.

"मावशी, आधी देव," मला राहवेना. "गणपती, मग गावदेवी, मग कुळाचे. नवरी सगळ्यांच्या मागनं."

"मग तू सांग की."

मी डोळे पुसले, पदर सावरून त्या सारवलेल्या जमिनीवर बसले आणि गणपतीपासनं सुरुवात केली. गावदेवीला बोलावलं, कुळाचे देव आणले. धोंडूबाई माझ्या मागं मागं म्हणत होती, एकेक शब्द चुकवत. अक्षदाचं नाव आलं तिथं माझा आवाज कापला, पण थांबले नाय.

आदेश कागद पुढं करून म्हणाला, "दादा, सही—"

ह्यांनी त्याचा हात खाली केला. "मध्ये बोलू नका," ते म्हणाले. "मांडव पडतोय."