मागच्या चाकाचं पैंजण

दिल्या घरची लेक भेटीला आली की बाप आधी तिच्या मनगटाकडे बघतो, वाळलं की भरलं. चारुदत्त आधी टायरांकडे बघायचा. रोज सकाळी इंटरनॅशनल सिटी ह्या आखातातल्या वस्तीत, त्याच्या इमारतीखाली ती करडी, जुनी एसयूव्ही येऊन उभी राहायची आणि त्याला वाटायचं, हिला तिकडे कुणीतरी मायेनं खाऊपिऊ घालतंय. त्या वाटण्यात सुख नव्हतं.

गाडी मूळची त्याची. मग काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसे, कडेचं धुक्यात जाई. लायसन्ससाठी डोळे तपासायला गेला तो पायीच परत आला. वरच्या मजल्यावर बायको आभासोबत राहणाऱ्या निखिलनं गाडी घेतली. दोघांचं ऑफिस रास अल खोरला, एकाच वेअरहाउसच्या माथ्यावर, तेव्हा कारपूल आपसूक ठरलं. जिचं स्टिअरिंग एवढी वर्षं तळहाताला ओळखायचं, तिच्यात चारुदत्त आता शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसायचा, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा.

निखिलनं तिला नवी सीटकव्हरं घातली. एसी दुरुस्त केला, तो आता माघातल्या पहाटेसारखा गार लागे. वर चकचकीत नवी चाकं बसवली, म्हातारीच्या पायात चांदीचे वाळे घालावेत तशी. आणि गाडी? ती खुशाल नटली. चारुदत्तच्या हाताखाली दोनदा खोकल्याशिवाय सुरू न होणारी, निखिलच्या एका बोटानं हसत उठायची. हेच त्याला जास्त लागायचं. माणसानं वाईट वागवलं असतं तर निदान कीव करता आली असती.

एकदा न राहवून तो म्हणाला होता, "एसी लगेच फुलवर नको रे टाकूस. आधी इंजिनाला दम घेऊ दे."

"चारुदादा, खलास, विषय संपला," निखिल हसला. "आता ती आमच्या घरची. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्या दिवसापासून चारुदत्तनं ओठ शिवले. घरी शुभ्रानं, त्याच्या चौदा वर्षांच्या लेकीनं, वर मीठ चोळलं. "बाबा, निखिलकाका ड्राइव्ह्ज सो स्मूद. यू यूज्ड टू ब्रेक लाइक एनिथिंग." तिच्या मनात काही नव्हतं. पण काटा काही मनात धरून रुतत नसतो.

सोमवारी वेअरहाउसच्या आवारात गाडी हळू वळली आणि मागून, डाव्या चाकातून, आवाज आला. टिक. थोडं थांबून पुन्हा टिक. चारुदत्तचं बोलणं जिभेच्या टोकावर आलं, तेवढ्यात निखिलनं गाण्याचा आवाज वाढवला. चारुदत्तनं शब्द गिळला, आणि गिळताना तो गोड लागला.

मंगळवारी आवाज होता. बुधवारी दोन सुरांत होता. चाकाचे बोल्ट बोलताहेत हे त्याला उमगलं होतं, तरी तो खिडकीबाहेर बघत राहिला. पडू दे एकदा बंद, पार्किंगमध्येच. येऊ दे हा जिना उतरून माझ्या दाराशी, दादा, जरा बघता का म्हणत. हायवेवर काय होईल हा विचार डोकावे. त्याला तो कडेला सारी. कडेचं त्याला नाहीतरी दिसत नव्हतं.

संध्याकाळी तो बाल्कनीतून खाली उभ्या गाडीकडे टक लावून बसला की त्याची बायको मंजुषा कपडे घड्या करता करता गुणगुणे. ओव्या तिच्या ओठांवरच असत, नसली एखादी की जागच्या जागी जुळवून घेई.

"लेक दिली परघरी, बाप घोटाळे दारात
तिच्या पायीचं पैंजण, वाजे ह्याच्याच कानात."

"पुरे," चारुदत्त म्हणाला.

"अहो, मी कुठे तुमचं नाव घेतलं?"

शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा मंजुषा दशम्या फॉइलमध्ये गुंडाळत होती, आणि शुभ्रा दारात बुटांच्या नाड्या बांधत होती.

"कुठे निघाली ही?"

"निखिल-आभाबरोबर, हट्टा गावाला, डोंगरात. तिथे म्हणे तळ्यात होडी वल्हवायची. आभा गुरुवारी विचारून गेली."

"मला नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सतरा कारणं काढली असती. आता एकच काढा, तोवर ती खाली पोचेल."

शुभ्रा गेलीसुद्धा. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. हट्टाचा रस्ता. डोंगरातली वळणं. टिक, टिक. त्यानं चपलांचं कपाट उघडलं. तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, त्याचा लांब दांड्याचा चाकाचा पाना होता. गाडी दिली तेव्हा सगळं दिलं होतं, हा मात्र ठेवून घेतला होता.

तो खाली पोचला तेव्हा निखिल इंजिन सुरू करून बसला होता. आभा पुढे, शुभ्रा मागे, कानांत गाणी.

"थांब," चारुदत्त बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "बंद कर."

निखिलनं त्याच्याकडे पाहिलं, मग पान्याकडे. "दादा, काय हे सकाळी सकाळी?"

"मागचं डावं चाक बघायचंय."

"गेल्याच महिन्यात नवीन बसवलीत हो." तो उतरला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला ती माझ्याकडे असलेली बघवत नाही ना?"

"नाही बघवत," चारुदत्त म्हणाला. "सरक."

तो चाकापाशी उकिडवा बसला. पाना पहिल्या नटावर चढवला. जोर लावायची वेळच आली नाही. नट आपण होऊन हातात आला, आणि नटाबरोबर बोल्टाचा तुटका तुकडा, किडलेल्या दातासारखा. दुसऱ्याचंही तेच. तिसरा हलत होता. उरलेले तीन एकटेच भार ओढत होते.

"बापरे," आभा मागे येऊन म्हणाली. तिनं शुभ्राला दंडाला धरून खाली उतरवलं आणि धरूनच ठेवलं.

चारुदत्तनं तुकडा डोळ्यांसमोर सरळ धरला. तुटलेलं तोंड अर्धं पांढरं, चकाकतं; ते ताजं. त्या नव्या चाकांचं, गॅरेजात मशीननं आवळण्याच्या घाईचं. हे निखिलचं, असं तो मनात म्हणाला, आणि त्याची बोटं तुकडा फिरवत राहिली. उरलेलं अर्धं तपकिरी होतं. गंज आत मुरलेला. तडा जुना होता, वर्षांचा. प्रत्येक सहलीआधी तो ह्याच पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहायचा, अख्खं वजन टाकून. आणखी एक पीळ, पोरीसाठी. आणखी अर्धा, मंजूसाठी. माया आवळत आवळत तो लोखंडाच्या जिवावर उठला होता.

"गॅरेजवाल्याला सोडत नाही मी," निखिल म्हणत होता. मग त्याचा चेहरा बदलला. "पण दादा, तुम्हाला वरून कसं कळलं?"

"ऐकू येत होतं."

"कधीपासून?"

शुभ्रानं कानातली गाणी काढली होती. आजच, असं म्हणता आलं असतं. आभा वाट बघत होती, आणि तिचा हात अजून शुभ्राच्या दंडावर होता, परक्याची पोर आपली म्हणून धरावी तसा.

"सोमवारपासून," चारुदत्त म्हणाला.

निखिलनं गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली. शुभ्रा बापाकडे न बघता आभाबरोबर लिफ्टकडे चालू लागली, आणि त्याला ती पाठ फार दूरची दिसली.

"ह्यातला गंज माझ्या वेळचा आहे," चारुदत्त तुकडा पुढे करत म्हणाला. "गॅरेजवाल्यावर सगळं घालू नकोस."

निखिलनं तुकडा घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी चारुदत्त बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. डबा हातात, डोळे सरळ समोर. करडी गाडी शेजारी येऊन थांबली ती त्याला दिसलीच नाही. हॉर्न ऐकू आला.

काच खाली झाली. "यल्ला, चला, बसा," निखिल म्हणाला. हसला नाही. "बोल्ट सगळे नवे टाकलेत, चारी चाकांचे. रेडिओ बंद ठेवणार आहे. काही ऐकू आलं तर त्याच मिनिटाला सांगायचं. माझ्यावर राग असला तरी."

"सांगेन."

"आणि तो पाना गाडीत ठेवा. तो तिचा आहे."

चारुदत्तनं मान हलवली. पाना आणायचं कबूल करताना त्याला छातीतून एक तार ओढल्यासारखं झालं.

वेअरहाउसच्या आवारात गाडी हळू वळली. त्यानं श्वास रोखला, कान मागच्या डाव्या चाकाला लावला. काही नाही. दुरुस्ती कुणीतरी फार नीट केली होती, त्याला न विचारता. चाक नुसतं फिरत होतं, मुकाट, तृप्त, सासरी रुळलेल्या लेकीसारखं.

"आहे काही?" निखिलनं विचारलं.

"नाही," चारुदत्त म्हणाला. खरंच नव्हतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.