नासपतीखालची शिट्टी

मी एक जुना धातुशोधक आहे. जुना म्हणा, पण बहिरा म्हणू नका. मित्रांनो, मातीत वीतभर खोल पडलेले नाणे मी आजही पहिल्याच फेरीत ओळखतो.

कारखान्यात मला लांब दांडा, ताटलीएवढे गोल डोके आणि तिखट कान मिळाला. शाळेची बस चालवणाऱ्या रॉस्कोने मला विकत घेतले आणि ओहायोतल्या आमच्या गावाची सारी कुरणे आम्ही दोघांनी पालथी घातली. लोखंड मात्र ऐकायचे नाही, अशी माझी कळ त्याने फिरवून ठेवली होती. खिळ्यांमागे लागले की दिवस फुकट जातो, असे तो म्हणे. पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी गॅरेजमध्ये बर्फ ओढायच्या फावड्यामागे जाऊन पडलो. फार वाईट वाटे मला. माझ्यासारख्याने धूळ खावी, हा काय न्याय?

एका वसंतात रॉस्कोची बहीण आर्लीन आली. तिचा नवरा फ्लॉइड, शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक, नुकताच वारला होता. कधीकाळी त्यांच्या घराजवळच्या नासपतीच्या झाडाखाली फुलांचे कंद लावताना त्याची पितळी शिट्टी मातीत हरवली होती. पुढे ते घर बँकेने ताब्यात घेतले आणि आता ते रिकामेच होते.

"त्याच्या श्वासाची तेवढीच एक वस्तू उरलीये रे," आर्लीन म्हणाली.

कॉफीच्या दुकानातल्या मित्रांनी रॉस्कोला सल्ला दिला, की रविवारी सगळे चर्चमध्ये असताना गुपचूप खणून घे.

"घर रिकामं असलं म्हणून बिनमालकाचं होत नाही," रॉस्को म्हणाला.

त्याने बँकेला फोन लावला. बँकेने एका कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने पुन्हा बँकेकडे. शेवटी अंगणातल्या 'विकणे आहे' पाटीवरचे नाव वाचून तो डोरीनबाईंकडे गेला. घर विकायचे काम त्यांच्याकडे होते. खड्डे पडलेले अंगण कोण घेईल, म्हणून त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा रॉस्कोने त्यांना आपल्या हिरवळीवर आणले. तिथे त्याने आधीच गवताचा गोल तुकडा कापून, खणून, पुन्हा बसवला होता. कुठे खणले ते शोधा, म्हणाला. बाई वाकून वाकून दमल्या, पण सापडले नाही.

मग त्यांनीच आपले दुखणे सांगितले. कुंपण केव्हाच पडले होते, त्या बाजूच्या हद्दीच्या दोन लोखंडी सळ्या मातीत गडप झाल्या होत्या आणि त्यामुळे विक्री अडली होती. सळ्या न उपटता नुसत्या दाखवा, मी बँकेची लेखी परवानगी आणते, असे ठरले.

रॉस्कोने माझी कळ फिरवली. आयुष्यभर नाकारलेले लोखंड मी त्या दिवशी कान देऊन ऐकले आणि दोन्ही सळ्या शोधून दिल्या! डोरीनबाईंनी त्यांच्यामध्ये दोरी ताणली. नासपतीचे झाड दोरीच्या पलीकडे, शेजारच्या मर्लच्या जागेत निघाले.

"बँकेचं परवानगीचं पत्र दोरीपर्यंतच," डोरीनबाई म्हणाल्या.

याच झाडावरून फ्लॉइड आणि मर्ल भांडले होते आणि त्यानंतर दोन्ही घरांचे बोलणेच तुटले होते. रॉस्को मर्लकडे जायला निघाला, पण आर्लीनने त्याला थांबवले आणि स्वतः जाऊन मर्लचे दार ठोठावले.

झाड तुझंच होतं, हे तिने आधी कबूल केले आणि मग खणू का, असे विचारले. मर्ल दोरीपर्यंत चालत आला.

"खण की," तो म्हणाला. "फ्लॉइडने एकदा विचारलं असतं ना, तर अख्खं झाड देऊन टाकलं असतं मी."

मुळांजवळ मी असा खणखणीत वाजलो, की रॉस्कोने कानांवरचे हेडफोनच काढले. शिट्टी हिरवी पडली होती. आतली, आवाज थरथरवणारी बुचाची गोळी कुजून गेली होती. मर्लने घरातून जुना ब्रश आणून ती स्वतः घासली आणि आर्लीनच्या हातात दिली.

"वाजव. दर शनिवारी माझी झोप मोडायची हिने."

आर्लीनने फुंकर मारली. पूर्वीसारखा थरथरता आवाज आला नाही. एकच सरळ, लांब सूर आला, आणि मर्लने डोक्यावरची टोपी काढली.

मित्रांनो, आता मी पुन्हा कामावर आहे. माझे एवढे ऐका: खणण्याआधी विचारा आणि खणल्यावर माती नीट बुजवा. विचारायला उशीर झाला असेल, तरी विचारा. मर्लच्या झाडाखाली आता दोन खुर्च्या असतात.